डाव्या कोपऱ्याची रिलीज

कबड्डीचा मोसम संपला की माझं खरं काम सुरू होतं, हे माझ्या नवऱ्याला अजून पटलेलं नाही. "खेळ बंद आहे, मैदानाकडे कुणी फिरकत नाही, मग तू फोनवर सारखी भांडतेस तरी कोणाशी?" असं तो दर उन्हाळ्यात विचारतो. तो कुवेत सिटीतल्या एका बँकेत हिशेब बघतो. त्याचे आकडे सुट्टीवर गावी जाऊन वजन वाढवून येत नाहीत, की मेहुण्याशी पटत नाही म्हणून दुसरी बँक मागत नाहीत. माझे खेळाडू हे सगळं करतात.

नोकरी म्हणाल तर मी कुवेतच्या राई भागातल्या एका बांधकाम कंपनीत कामगार विभाग सांभाळते. खाली गोदाम, वर आमचं ऑफिस. परवाने, विमानाची तिकिटं, कॅम्पातल्या म्हणजे कामगारांच्या वस्तीतल्या खोल्यांची वाटणी, मेसमधल्या डाळीच्या तक्रारी, सगळं माझ्या टेबलावरून जातं. कबड्डीचा संघ हा भाग मात्र मला नेमताना कुणी सांगितला नव्हता. आमचे मालक अबू फहद यांना एकदा कुठूनसं कळलं, की ही बाई कॉलेजात असताना रत्नागिरी जिल्ह्याकडून कबड्डी खेळायची. त्यांनी मला बोलावून विचारलं, "यात बॉल कुठे असतो?" बॉल नसतोच म्हटल्यावर त्यांना खेळ फार आवडला. महिन्याभरात मी मॅनेजर झाले होते. ऑफिसात मी मॅडम आणि मॅटवर ताई. ही दोन नावं एकमेकांच्या पायात कशी येतात ते आज सांगायचं आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इथे भारतीय कामगारांची एक लीग आहे. थंडीत दर शुक्रवारी भाड्याच्या हॉलमध्ये मॅट टाकून सामने होतात. नियम साधा. ज्या कंपनीच्या परवान्यावर माणूस, त्या कंपनीचा तो खेळाडू. तो दुसऱ्या संघाला हवा असेल तर मोसमापुरता द्यायचा आणि बदल्यात त्यांचा एक घ्यायचा. पैशांचा व्यवहार बंद. नोकरी जिथल्या तिथे राहते, जर्सी तेवढी बदलते. ही अदलाबदल उन्हाळ्यातच उरकायची आणि थंडी सुरू व्हायच्या आत संघाची यादी लीगकडे द्यायची. त्यामुळे मोसमात खेळाडू घाम गाळतात आणि उन्हाळ्यात मॅनेजर. गेल्या वर्षी कोण कसा खेळला हे बघून टाळ्या वाजवता येतात, संघ बांधता येत नाही. संघ बांधायचा तर पुढच्या वर्षी कुणाचे गुडघे टिकतील, कुणाची सुट्टी नेमकी बाद फेरीत येईल आणि कोण कायमचा गावी जायच्या गोष्टी करतोय, यावर लक्ष ठेवावं लागतं. पहिल्या दोन गोष्टी मला परवान्यांच्या आणि दवाखान्याच्या कागदांवरून कळतात, तिसरी मेसमध्ये कळते.

मागण्या तर काय येतील याचा नेम नाही. एका मल्याळी गड्याने दुसरा संघ मागितला, कारण त्याचा मेहुणा आमच्याकडेच खेळत होता. "मॅडम, पकड सुटली की त्याच दिवशी केरळात माझ्या बायकोला फोन जातो," तो म्हणाला. मी मेहुण्यालाच दुसरीकडे दिलं. आमचा सुखदेव हा चढाईला जाणारा पंजाबी क्रेन ऑपरेटर. तो बहिणीच्या लग्नाला गेला आणि लीगच्या वजनाच्या मर्यादेला नमस्कार करूनच परतला. काट्यावर उभा राहून मला म्हणतो, "ताईजी, ये लस्सी का वजन है, उतर जाएगा." ते उतरवायला मला मेसच्या आचाऱ्याशी वैर पत्करावं लागलं.

तर त्या उन्हाळ्यात माझी अडचण वेगळी होती. आमचा सर्वांत चांगला चढाईपटू कायमचा गावी परतला. कबड्डीत दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो, नाहीतर माणूस बाद. अशा वेळी समोरच्या सात जणांत घुसून कुणालातरी शिवून परत येणारा गडी लागतो, आणि तो आता माझ्याकडे नव्हता. सुखदेव होता, पण त्याच्यात लस्सी होती. दुसऱ्या बाजूला माझ्याकडे लीगमधला सर्वांत चिवट डावा कोपरा होता. बहुतेक चढाईपटूंचा उजवा हात चालतो आणि त्या हातासमोर येतो तो बचावाचा डावा कोपरा. तिथला माणूस घोट्याला धरतो आणि सोडत नाही. मी स्वतः तिथेच खेळलेली असल्यामुळे मला त्या जागेचं मोल जरा जास्तच वाटतं.

हा कोपरा म्हणजे सदानंद मेस्त्री. कुडाळजवळच्या गावचा, पिढीजात सुतार. कपाटं, पलंग, देव्हारे करणाऱ्या घरातला. एजंटने त्याला फर्निचरचं काम सांगून पाठवलं आणि इथे उतरल्यावर तो शटरिंगला लागला. म्हणजे काँक्रीट ओतायचे फळ्यांचे साचे ठोकायचे, काँक्रीट सुकलं की उपटून टाकायचे. परवान्यावर त्याचा धंदा होता नज्जार मुसल्लह. अरबीत याचा अर्थ साच्यांचा सुतार, पण मुसल्लह म्हणजे हत्यारबंदही होतं, म्हणून खोलीतली मंडळी त्याला बंदूकवाला मेस्त्री म्हणायची. तो हसायचा. वर्षातून एकदा माझ्या टेबलासमोर यायचा आणि फर्निचरच्या कंपनीत जायला मिळेल का विचारायचा. मी ठरलेलं उत्तर द्यायचे, की कंपनी कुणाला सोडत नाही, जायचं तर गावीच जायचं. तो "बरा ताई" म्हणून निघून जायचा.

आता हा सदा चाळिशीला आलेला. अजून दोन मोसम तो जोरात खेळला असता. अशा माणसाची अदलाबदल करायची तर आत्ताच, किंमत वर असताना. उजव्या कोपऱ्यातल्या एकाला मी डावीकडे वळवणार होते. मन घट्ट करून मी अम्गराच्या पुजारीला फोन लावला.

पुजारी मंगळूरकडचा. अम्गरा या कुवेतच्या औद्योगिक भागातल्या एका फर्निचर कंपनीत फोरमन आणि त्यांच्या संघाचा मॅनेजर. त्याच्याशी सौदा करताना एक लक्षात ठेवावं लागतं, ज्याचं नाव तो आधी घेतो तो माणूस त्याला नको असतो. त्याने पहिल्या दिवशी सुखदेव मागितला. पुढच्या आठवड्यात आमचा कप्तान मागितला. मी त्याच्या वर्कशॉपमध्ये जाऊन कडक चहाचे कप रिचवत नुसती हूं हूं करत राहिले. शेवटी एका संध्याकाळी तो म्हणाला, "मॅडम, वो बुड्ढा कोना है ना आपका, मेस्त्री, वो चलेगा." मी ओळखलं, उन्हाळाभर याला तोच हवा होता. मी त्याच्याकडून लोकेश मागितला. तिसऱ्या चढाईला हसत जाणारा पोरगा. पुजारीने कपाळाला हात लावला, पोटात दुखत असल्यासारखा चेहरा केला आणि हो म्हणाला. त्या दिवशी मी घरी जाताना गाडीत गाणं म्हटलं, यावरून सौदा कसा होता ते समजावं.

दुसऱ्या दिवशी मी सदाला ऑफिसात बोलावलं. साइटवरून थेट आला होता, अंगावर सिमेंट. मी म्हटलं, "सदा, तुला आम्ही रिलीज देतोय. अम्गराच्या पुजारीकडे."

त्याने हातातलं हेल्मेट खाली ठेवलं. मग म्हणाला, "ताईनू, खराच?"

"खरंच. मालकांना सांगून झालंय."

त्याचे डोळे भरून आले. टेबलाला वळसा घालून तो माझ्या पाया पडला. मला वाटलं, संघ सोडताना माणसाला किती वाईट वाटतंय. मीही जरा भारावले. खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "अरे, यात रडायचं काय? खेळाडूने कुठेही जायला तयार असावं." तो डोळे पुसत गेला आणि मी लोकेशला कोणत्या क्रमांकाची जर्सी द्यायची याचा विचार करू लागले.

आता हा शब्द समजावून सांगायला हवा. आम्ही लीगवाले खेळाडू सोडण्याला रिलीज म्हणतो. पण कुवेतमध्ये कामगाराच्या तोंडी रिलीज म्हणजे एकच गोष्ट. त्याचा इथे राहायचा परवाना ज्या कंपनीच्या नावावर आहे, त्या कंपनीने त्याला दुसऱ्या कंपनीत जायला दिलेली संमती. ती मिळाली की माणूस इथेच राहून दुसरी नोकरी धरू शकतो. ती मागत माणसं वर्षानुवर्षं माझ्यासारख्यांच्या टेबलासमोर उभी राहतात. आणि ती द्यायची की नाही हे सांगणारी बाई मीच, त्याच खुर्चीवर बसून. मी ताई म्हणून बोलले, त्याने मॅडमचं ऐकलं.

हे माझ्या ध्यानात आलं शुक्रवारी, पुजारीच्या फोनमुळे. "मॅडम, आपका मेस्त्री इधर वर्कशॉप में आया है. रंधा लेके आया है. पूछता है, मेरा टेबल कौनसा?"

मी तशीच गाडी काढली. अम्गराच्या त्या वर्कशॉपमध्ये सुट्टीचा शुकशुकाट होता. सदा इस्त्रीचा शर्ट घालून एका अर्धवट कपाटासमोर उभा होता आणि फळीच्या कडेवरून अंगठा फिरवत होता. रंधा त्याच्या काखेत. मला बघून खुलला. म्हणाला, "ताईनू, सागवान आसा! कितक्या वर्सांनी हात लावलंय."

सांगणं भाग होतं. मी एका दमात सांगितलं, की सदा, ती रिलीज कबड्डीची होती. जर्सी बदलणार होती, नोकरी नाही.

त्याने फळीवरचा हात काढून घेतला. मग रंधा फडक्यात गुंडाळायला लागला. "चुकला माजा, ताई. मी आयकलंय तां येगळाच," तो म्हणाला. गाठ मारताना पुढे म्हणाला, "बायकोक सांगलंय. कॅम्पात सगळ्यांका पेढे वाटलंय. आता परत सांगूक होया."

त्याने माझ्यावर आवाज चढवला असता तर मी भांडले असते, भांडण मला येतं. पण "चुकला माजा" हे ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चुकला काय त्याचा? रिलीज शब्दाचा अर्थ त्याने बरोबर लावला होता. आम्हीच तो खेळण्यासारखा वापरत होतो. मी म्हटलं, "सदा, कुणाला काही परत सांगू नकोस. फोन करायचा नाही, कळलं? मी सांगेपर्यंत तोंड बंद."

मग मी पुजारीकडे वळले. "ह्याला खरोखरच घेणार का? नोकरीवर?"

पुजारी त्यांच्या मालकाला फोन करून आला. सुतार हवाच होता. ते घेणार होते, आमच्या कंपनीने सोडलं तर. मला हायसं वाटतंय तोवर पुजारीच्या चेहऱ्यावर सौद्याचं हसू उमटलं. "लेकिन मॅडम, फिर तो वो हमारी कंपनी का आदमी हो गया. हमारा ही प्लेयर. फिर मैं लोकेश क्यों दूं?"

नियम त्याच्या बाजूने होता. नियम लिहिणाऱ्या समितीत मीच होते. म्हणजे डावा कोपरा फुकट द्यायचा, तोही अम्गराला, आणि तिसऱ्या चढाईला पुन्हा लस्सी. मी दाराकडे पाहिलं. सदा बाहेर उन्हात रंधा धरून उभा होता. "ठेव तुझा लोकेश," मी म्हटलं. पुजारीला हिंदीत सांगायचंही सुचलं नाही, पण त्याला कळलं.

रविवारी मी अबू फहदसमोर बसले. ते मितभाषी. वाईट माणूस नाही, पण रिलीज या शब्दाला त्यांचं उत्तर ठरलेलं होतं आणि ते वर्षानुवर्षं माझ्याच तोंडून बाहेर पडत होतं. मी झालं ते सगळं सांगितलं. ते हसले. रंध्याचं ऐकून जास्तच हसले. मग म्हणाले, "त्याला सांग, चूक झाली. खलास."

"नाही सांगणार," मी म्हटलं.

इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा नाही म्हणत होते. त्यांनी हातातली जपमाळ थांबवली.

"अबू फहद, मी कंपनीच्या खुर्चीवर बसून, कंपनीच्या माणसाला रिलीज दिली म्हणून सांगितलं. मालकांना सांगून झालंय असंही सांगितलं. आता सगळ्या कॅम्पाला माहीत आहे. उद्या मी म्हटलं की तो शब्द खेळातला होता, तर परवा मी कुणालाही म्हटलं की मचाणावर पट्टा लावा, उन्हात पाणी प्या, तर तो विचारेल, मॅडम, हे खरं की खेळातलं? मग मी त्या खुर्चीवर काय करायचं?"

"एकाला दिली की चाळीस येतील."

"येऊ देत. त्यांच्यासमोर मी बसते ना, तुम्ही नाही."

"तुझा कोपरा जाईल. त्यांचा पोरगाही मिळणार नाही. मला हिशेब कळतो."

"मलाही कळतो. तरी मागतेय."

त्यांनी जपमाळ पुन्हा फिरवायला घेतली. मला वाटलं, आता आपल्याच परवान्याची चौकशी करावी लागणार. शेवटी ते म्हणाले, "कलाम वाहिद." म्हणजे दिला शब्द तो एकच. पण अट घातली. सदाच्या जागी शटरिंगचा सुतार आधी उभा करायचा, साइट एक दिवस थांबता कामा नये.

उन्हाळाभर ज्यांच्याशी खेळाडूंवरून भांडले होते त्या सगळ्या मॅनेजरांना मी पुन्हा फोन लावले. त्यांची सवय जाईना. "कुठल्या जागेवर खेळतो तो?" एकाने विचारलं. "खेळत नाही, साचे ठोकतो," मी म्हटलं, तर त्याला वाटलं ही माझी नवी चाल आहे. खूप नकार पचवल्यावर एका कंपनीत काम संपल्यामुळे घरी पाठवला जाणारा आंध्रचा एक सुतार सापडला. त्याला कबड्डी मुळीच आवडत नव्हती. तो मला देवासारखा वाटला. दोघांचे कागद मी स्वतः फिरवले, आणि एके दिवशी सदाच्या परवान्यावर फर्निचरचा सुतार असं उमटलं.

त्यानंतर अबू फहद म्हणाले तसे लोक आलेच. त्यांपैकी दोघांसाठी मला काही करता आलं, बाकीच्यांसाठी नाही. नाही म्हणताना आता मला पूर्वीसारखं ठरलेलं वाक्य म्हणवत नाही, त्यामुळे वेळ फार जातो. आणि सदाच्या आधी ज्यांना ते वाक्य ऐकवलं त्यांतले कितीतरी गावी निघून गेले, याचं वाईट वाटतं, ते वाटत राहणार.

यादी द्यायची वेळ आली आणि पुजारीचा फोन आला. आवाज तापलेला. "मॅडम, क्या माल दिया आपने! मेस्त्री बोलता है, खेलेगा नहीं!"

मी सदाला विचारलं. तो ओशाळून म्हणाला, "ताईनू, आता बोटां जपूक होयी. धरलंय नि मोडला तर रंधो कसो धरतलंय? शटरिंगाक काय, कशीय बोटां चलतत." माझ्या डाव्या हाताची करंगळी कॉलेजच्या एका सामन्यात मोडली ती आजही वाकडीच आहे. कीबोर्डवर ती चालते, रंध्यावर चालली नसती. मी म्हटलं, "खेळू नकोस." मॅनेजर म्हणून मी कुठल्याही खेळाडूला दिलेला तो एकमेव सल्ला असेल असा.

थंडीत अम्गराशी सामना लागला. सदा त्यांच्या कामगारांत, त्यांच्या कंपनीची टोपी घालून बसला होता. पुजारीने डाव्या कोपऱ्यात एक नवा गडी उभा केला होता. माझा डावा कोपराही नवाच होता. लोकेशने आम्हाला हैराण केलं, तरी आम्ही चिकटून राहिलो. शेवटच्या मिनिटात गुण बरोबरीत, आमच्या दोन चढाया रिकाम्या गेलेल्या. तिसऱ्या चढाईला सुखदेव निघाला. लस्सी बरीचशी उतरलेली, पण तो मध्यरेषेच्या पुढे सरकेना, नुसता नाचत राहिला. माझा घसा बसलेला. मी ओरडले ते मलाच ऐकू आलं नाही.

तेवढ्यात अम्गराच्या बाकांवरून खणखणीत आवाज आला, "पाजी, लेफ्ट कोना! कोना कच्चा है, घुसो!"

सुखदेव घुसला. डाव्या कोपऱ्याला शिवला, अंगावर दोघांना घेऊन रेषेपर्यंत घसरला आणि बोटभर हात पलीकडे टेकवला. शिट्टी वाजली. आमची पोरं मॅटवर नाचायला लागली. समोर सदा उभा होता, दोन्ही हात तोंडावर, आपण काय केलं ते आत्ता कळल्यासारखा. मला इतका आनंद झाला होता, की तो जिंकल्याचा होता की त्याला तिथे बघितल्याचा, ते मी वेगळं करायला गेलेच नाही.

पुजारी लाल होऊन माझ्याकडे आला. "कौन चिल्लाया? आपका आदमी चिल्लाया!"

"मेरा नहीं, पुजारी," मी म्हटलं. "परमिट देखो. आपका है."